आधी पाणी, मग फूल

आमच्या चर्चला बाया रविवारी दोन गोष्टी घेऊन येतात. एका हातात बायबल आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकची कॅन. कॅनमध्ये घरचं वापरलेलं पाणी असतं, तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, नाहीतर कूलरच्या टाकीत उरलेलं. उन्हाळ्यात नळ कधी येईल याचा नेम नाही, म्हणून बागेला हेच पाणी. नव्या माणसाला हे बघून हसू येतं. येऊ दे. घाटंजीच्या अख्ख्या रस्त्यावर एप्रिलात हिरवं असलेलं दुसरं अंगण दाखवा, मग हसा.

शनिवारी आम्ही चौघी-पाचजणी झाडू घेऊन जमतो. खिडक्यांतली पारव्यांची घाण काढायची, बाकं पुसून त्यांना जवसाचं तेल लावायचं, मग वाफे. पगार नाही, कोणी आभार मानत नाही आणि आम्हाला ते नकोतही. आमची मुकादम मोठमाय. ती चर्चच्या सेक्रेटरीची आई, पण सगळं गाव तिला मोठमायच म्हणायचं. गुडघे गेले होते, तरी मोगऱ्याच्या वाफ्याशी पाटावर बसून गवत काढायची. तिचा एक नियम होता, पाणी टाकल्याशिवाय फूल तोडायचं नाही. नवरी असो की पाळक असोत, आधी पाणी, मग फूल. आणि आमच्यात मयताच्या पेटीवर विकतचा हार ठेवत नाहीत, याच बागेतली फुलं जातात.

गेल्या उन्हाळ्यात आमचीच एक चूक झाली. कुरडयांचे दिवस होते. आमच्यातल्या एकीनं भिजवलेल्या गव्हाचं आंबलेलं पाणी कॅन भरून आणलं आणि उपासनेआधी खिडकीखालच्या मोगऱ्याला घातलं. पाणी वाया कशाला घालवायचं? थोड्या वेळानं गरम वारा सुटला आणि तो वास थेट आत आला. पाळक प्रार्थना करत होते आणि मंडळी नाकाला पदर लावून बसली होती. एकजण तर आमेनच्या आधीच बाहेर पळाला. मला तेव्हा हसू आवरेना, अजूनही आवरत नाही.

सेक्रेटरीला मात्र आयतं कोलीत मिळालं. त्याला केव्हापासून अंगणात फरशीसारखे सिमेंटचे गट्टू बसवायचे होते, लग्नाच्या मांडवासाठी, गाड्या लावण्यासाठी. उपासना सुटताच तो पायरीवर उभा राहिला.

"हे कॅनीचं नाटक आता बंद. सगळीकडे गट्टू टाकून देऊ. फुलं प्लास्टिकचे आणू, वर्षभर टिकतेत."

मोठमाय पाटावरून उठलीसुद्धा नाही. "काहून रे बाबू," ती म्हणाली, "मी मेल्यावर माह्या पेटीवर प्लास्टिकचे फुलं ठेवशीन का?"

"माय, तू मधात नको बोलू," तो म्हणाला आणि गाडीला किक मारून निघून गेला.

मला भयंकर संताप आला. जिनं ही बाग जगवली, तिलाच तिचा लेक बागेतून उठवत होता. कमिटीतल्या एकेकाला सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. म्हणे, गट्टू स्वच्छ दिसतात. स्वच्छ तर टक्कलही दिसतं!

आठवडाभरात गट्टूंनी भरलेला ट्रॅक्टर आला आणि भिंतीशी ढीग लागला. कळंबचा मिस्त्री दुसऱ्या दिवशी यायचा होता. त्या संध्याकाळी आम्ही कॅनी घेऊन घरोघर फिरलो. चर्चशेजारच्या गॅरेजवाल्याच्या बायकोनं वजूच्या, नमाजाआधी हातपाय धुतलेल्या पाण्याची बादली दिली, पलीकडच्या बुद्धविहाराजवळच्या बायांनी धुण्याचं शेवटचं पाणी दिलं. आमच्यावर हसल्या, पण दिलं. सकाळी मिस्त्री आला तेव्हा काळ्या मातीचा नुसता चिखल. त्यानं पाय ठेवला तो घोट्यापर्यंत रुतला.

"वल्या जमिनीत गट्टू बसत नाही, बाई," तो म्हणाला. "वाळू द्या, मंग येतो."

"या ना," मी म्हटलं. "आम्ही तं रोजच पाणी टाकून राह्यलो."

तो पुन्हा आला तेव्हाही चिखलच होता. मग त्यानं येणंच सोडलं. गाव करील ते राव काय करील! गट्टूंचा ढीग अजून भिंतीशी पडून आहे, शनिवारी त्यावर बसून आम्ही चहा पितो. सेक्रेटरी आमच्याशी बोलेनासा झाला. मोठमाय मात्र ऑटोनं येतच राहिली, त्याच्याच घरातलं पाणी कॅनमध्ये घेऊन.

पाऊस यायच्या आधीच ती गेली. रात्री झोपली ती सकाळी उठली नाही. मला निरोप मिळाला आणि काय करावं सुचेना, म्हणून मी बागेत गेले. मोगरा भरभरून फुलला होता. थोड्या वेळानं सेक्रेटरी फाटकातून आला. डोळे सुजलेले, हात रिकामे. आईच्या पेटीवर ठेवायला तो फुलांसाठी वाकला.

"भाऊ," मी म्हटलं, "पाणी आणलं का?"

त्यानं वर पाहिलं. मला वाटलं, हा आता ओरडणार. ओरडला असता तरी मी बाजूला झाले नसते. लोक म्हणतात, त्या दिवशी तरी मी तोंड आवरायला हवं होतं. म्हणोत बापडे. नियम मोठमायचा होता. तिच्याच पेटीवरची फुलं तिचाच नियम मोडून कशी तोडू द्यायची?

तो फाटकातून परत गेला. आला तो तिची कॅन घेऊन, झाकणाला लाल चिंधी बांधलेली. तिनंच आदल्या दिवशी भरून ठेवलेलं तांदळाचं पाणी होतं, उन्हाळ्यानं आंबलेलं. चिखलात गुडघे टेकून त्यानं ते सगळं मोगऱ्याच्या बुडाशी ओतलं. वास सुटला. त्यानं नाकाला रुमाल लावला नाही.

मी त्याच्या हातात कात्री दिली. "तोडा आता," म्हटलं.