स्टुडिओतला कोट

महाराष्ट्राचं राजकारण फूटपट्टीने मोजणारे एकच गृहस्थ माझ्या पाहण्यात आहेत, ते म्हणजे माझ्या बायकोचे मामा. डोंबिवलीत त्यांचा पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ होता. तो बंद करून ते आता नौपाड्यात लेकीकडे राहतात, पण समोरच्याला "मान सरळ, हनुवटी खाली" सांगायची सवय काही सुटलेली नाही. आमच्या लग्नात अक्षता पडत असताना त्यांनी मला ते सांगितलं होतं, आणि एकदा दातांच्या डॉक्टरांनाही, स्वतःचं तोंड उघडं असताना. बातम्या ते वाचत नाहीत, साप्ताहिकांची मुखपृष्ठं बघतात. पुढारी जोरात असला की त्याचं डोकं साप्ताहिकाच्या नावावर चढतं आणि अक्षरं झाकतं; उतरणीला लागला की डोकं खाली येतं आणि नाव पूर्ण वाचता येतं, हा त्यांचा सिद्धांत. "जावईबापू, तुम्ही आकडेवाले. मोजा," म्हणून पट्टी माझ्या हातात देतात. मी दोनदा मोजतो. प्रामाणिकपणे सांगायचं तर बहुतेक वेळा मामांचंच बरोबर निघतं.

आमच्या भागातल्या जुन्या पुढाऱ्यांच्या, म्हणजे साहेबांच्या बाबतीत मात्र ते बरोबर निघावं असं मामांना कधीच वाटलं नाही. नगरपालिकेच्या पहिल्या निवडणुकीच्या पत्रकासाठी साहेब फोटो काढायला आले, तेव्हा त्यांच्याकडे कोट नव्हता. मामांनी खुंटीवरचा स्टुडिओचा कोट त्यांना चढवला. तो सैल होता, म्हणून पाठीमागे कपडे वाळत घालायचे दोन चिमटे लावले. साहेब निवडून आले ते त्या फोटोमुळे, यावर मामा आजही ठाम आहेत. पुढे साहेबांनी मुखपृष्ठावर अडीच अक्षरं झाकली. मग दीड. मग एकही नाही. आणि परवाच्या अंकात तर साहेब पाठमोरे होते, रिकाम्या मंडपातून एकटे चालत जाणारे. मामांनी पट्टी काढलीच नाही.

"पाठीचा फोटो काढू नये हो," एवढंच म्हणाले. "आपल्या मागे काय दिसतंय, ते माणसाला कुठे माहीत असतं?"

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "रविवारी कल्याणला साहेबांकडे जाऊ. लोकांच्या लक्षात ती पाठ राहायला नको."

दार साहेबांनी स्वतःच उघडलं.

"या फोटोवाले! कोट आणलात का?"

"तोच आणलाय."

"अहो, तो तेव्हाच म्हातारा होता!"

कोट अंगावर चढला आणि खांद्यांवरून घसरला. मधल्या एका आजारपणात साहेब फार वाळले होते. मामांनी खिशातून चिमटे काढले. ते माझ्याकडे दिले आणि स्वतः कॅमेऱ्यामागे गेले. मी लावले. साहेब ताठ बसून राहिले, मागे वळून बघितलं नाही.

"मान सरळ, हनुवटी खाली."

"आयुष्यभर सगळे वर करायला सांगत आले. खाली करा म्हणणारे तुम्ही एकटेच," असं म्हणून साहेब हसले, आणि तेवढ्यात मामांनी फोटो घेतला.

तो आता साहेबांच्या बैठकीच्या खोलीत लावलाय. डोक्यावर मामांनी जरासुद्धा जागा सोडलेली नाही. कुणाला वर नाव छापायचंच असेल, तर अक्षरं झाकली जाणारच. येणारे-जाणारे म्हणतात, "साहेब होते तसेच आहेत, कोट कसा अंगावर चपखल बसलाय!" मामा माझ्याकडे बघतात. आकड्यांच्या बाबतीत मी सहसा गप्प बसत नाही, पण इथे बसतो.

चिमटे सहा लागले होते.