रिकामं वाजवलेलं पिस्तूल

गोरे साहेब देश सोडून जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. त्यांतल्या एकाने निघताना विकलेलं नेमबाजीचं पिस्तूल दोन हात फिरून माझ्याकडे आलं. पॉइंट टू-टूचं, लांब नळीचं. परवान्यासाठी चपला झिजवल्या. मी पिंपरीच्या कारखान्यात टूलरूमला होतो, बिऱ्हाड चिंचवडला. वर्षभर पिस्तुलाने एकदाही दगा दिला नाही. पुण्याच्या क्लबात माझा नेम इतका बसला की दिल्लीच्या सामन्यांसाठी संघ निवडायचं ठरलं, तेव्हा चाचणीला माझंही नाव लागलं. मी हवेतच होतो.

आणि नेमकी तेव्हाच काडतुसं फुसकी निघायला लागली. खट् व्हायचं, बस्स. दहातली तीन, मग चार. माझं डोकं मुळातच गरम. काडतुसांचे डबे पावसाळ्यात बायकोने स्वयंपाकघरातल्या कपाटात, पापडांशेजारी ठेवले होते. म्हटलं, हिनेच ओल लावली!

"अगं, अक्कल गहाण ठेवली होतीस का?"

"अहो, तिथं पापडसुद्धा कडक राहतात," ती म्हणाली.

ऐकतोय कोण! तिच्यादेखत सगळे डबे पिशवीत भरले आणि पवनेच्या पात्रात फेकून आलो. एखादं काडतूस दुसऱ्याच्या पिस्तुलात घालून बघावं, एवढंही सुचलं नाही.

परवान्यावर वर्षाला ठरावीकच काडतुसं मिळत. माझ्या वाट्याची शेवटची पेटी आणली, नवी कोरी. क्लबात ती वाजवून संपवली, तर त्यातलीही निम्मी फुसकी. हे घरी बोललो नाही. पिस्तूल मिस्त्रीला दाखवतो, एवढंच सांगून चाकण गाठलं. तिथं शेतकऱ्यांच्या बंदुका दुरुस्त करणारे एक वयस्कर मुसलमान मिस्त्री होते. त्यांनी नळीच्या मागच्या तोंडाला भिंग लावलं.

"साहेब, घरी रिकामं वाजवता का?"

वाजवत होतो. हात स्थिर व्हावा म्हणून रोज संध्याकाळी शंभरदा. फौजेतल्या लोकांचं बघून शिकलो होतो.

"फौजेचं पिस्तूल निराळं," मिस्त्री म्हणाले. "या काडतुसाचा मसाला बुडाच्या काठात असतो, म्हणून सुई काठावरच आपटते. आत काडतूस नसलं की ती नळीवर आपटणार. बघा, केवढा खळगा पाडलाय. आता काठाला आधारच नाही, पेटणार कसं?"

मी टूलरूमचा माणूस. पोलादावर पोलाद आपटलं म्हणून हाताखालच्यांना शिव्या घालणारा. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मिस्त्रींनी दोन तासांत नळीचं तोंड सरळ करून दिलं. पण घालायला काडतूस एकही नव्हतं. नवीन मिळायला चार महिने होते आणि चाचणी येत्या रविवारी. दुसऱ्याची काडतुसं वापरायला क्लबच्या चिटणिसांनी साफ नकार दिला. माझ्याऐवजी दुसराच दिल्लीला गेला.

"काय म्हणाले हो मिस्त्री?" चाकणहून परतलो तेव्हा बायकोने विचारलं होतं.

"पिस्तूल ठीक आहे," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते. म्हणजे दोष आपल्या कपाटाचाच, असं तिने समजून घेतलं. चार महिन्यांनी नवी काडतुसं आली, त्यांतलं एकही फुसकं निघालं नाही.

पुढं घरी पाहुणे आले, नेमबाजीचा विषय निघाला, की ती आपणहून सांगायची, "माझ्या वेंधळेपणामुळं ह्यांची दिल्ली हुकली हो." मी समोरच बसलेलो असायचो. लाज वाटायची, खूप वाटायची, आणि मी पाहुण्यांपुढे पान सरकवायचो. ती जाऊन आता बारा वर्षं झाली. चूक माझी होती, हे तीन शब्द मला तिच्या हयातीत जमले नाहीत.