कानटोपीतला कॅमेरा

नोकरीत चोऱ्या पुष्कळ पाहिल्या. पण त्या कॅमेऱ्याच्या चोरीची आठवण आली की मी आजही आधी एकटाच हसतो आणि मग ओशाळतो.

तेव्हा मी अंबरनाथला होतो. एका सकाळी कारखान्यातून निवृत्त झालेले एक अधिकारी आमच्या पोलीस ठाण्यात आले. निवृत्तीनंतर त्यांना रिळाचे जुने कॅमेरे जमवण्याचा नाद लागला होता. काचेच्या कपाटात अकरा कॅमेरे, प्रत्येकाचा नंबर वहीत. त्यातला सगळ्यात लाडका, खिशात मावेल एवढा, गायब झाला होता.

“संशय कोणावर?” ठाणे अंमलदाराने विचारले.

त्या निवृत्त साहेबांनी आपल्या मोलकरणीचे नाव सांगितले. पूर्ण नाव, पालेगावच्या पत्त्यासकट.

बाईंना बोलावले. महिला शिपाई शेजारी बसवून मी जबाब घेतला. बाई घाबरल्या नव्हत्या, संतापल्या होत्या.

“साहेब, चोरायचाच होता तर मी त्यांचा मोबाइल नसता चोरला? त्या डबड्यातून फोटू तरी निघतो का?”

“मग गेला कुठे?”

“ते तुमी शोधा ना! त्या बिल्डिंगीत माझी पाच घरं हायेत. कालपासून बाकीच्या चार घरांनीबी सांगितलंय, केस मिटेपर्यंत येऊ नको. मी पोरांना काय खायला घालू, तुमचा जबाब?”

जबाबाखाली त्यांनी अंगठा नव्हे, ठसठशीत सही केली. त्यांच्या घरझडतीत काही मिळाले नाही.

तिसऱ्या दिवशी खबर आली. उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या एका फोटो स्टुडिओवाल्याने सांगितले, असला माल कॅम्प दोनमधल्या एकाच दुकानात जातो. बाहेरून घड्याळदुरुस्ती, आत कॅमेरे.

मी नवशिका शौकीन बनून जायचे ठरवले. माझ्यातला नट जागा झाला! फुलाफुलांचा शर्ट घातला, डोळ्यांवर बायकोचा गॉगल चढवला. आमचे हवालदार म्हणाले, “साहेब, शौकीन नाही, वरातीतले बेंजोवाले दिसताय.”

दुकानदार वयस्कर सिंधी गृहस्थ. “नया शौक है, साईं?” म्हणत त्यांनी एक कॅमेरा माझ्या हातात ठेवला. मी तो पट्ट्याला दोन बोटांनी धरला, उलटा केला आणि तळाचा नंबर पुटपुटत वाचू लागलो.

म्हाताऱ्याने डोळ्यावरचे भिंग काढले. “साईं, शौकीन पहले शटर दबाता है, आवाज सुनता है. आप तो पंचनामा कर रहे हो. कौन से थाने से आये?”

मी गॉगल उतरवला. ते पोटभर हसले, चहा मागवला आणि कॅमेरा माझ्या कानाशी धरून शटर दाबले. खट्! मग दुसऱ्याचे, सावकाश बंद होणारे. भिंग उजेडात कसे धरायचे, आत कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते ती बुरशी, हे दाखवले. अर्धा तास मी कशाच्या तपासावर आलो आहे हेच विसरलो. त्या अर्ध्या तासाची शिक्षा मी अजून भोगतो आहे. आज माझ्या घरी सात कॅमेरे आहेत आणि बायको त्या कपाटाला ‘मुद्देमाल कक्ष’ म्हणते.

शेवटी लहान कॅमेऱ्याचा विषय काढला. त्यांनी ड्रॉवरमधून एक तपकिरी कानटोपी काढली. आत कॅमेरा होता. नंबर जुळला.

“ही टोपी कुठली?”

“इसी में आया, साईं. बोहारीण लायी थी. पुराने कपड़ों की गठरी में निकला, बोली.”

बोहारीण म्हणजे जुन्या कपड्यांवर भांडी देणारी. माझ्या डोक्यात खट् वाजले. कॅमेरा चोरणारा त्याला थंडी वाजू नये म्हणून टोपी घालत नाही.

रीतसर पंचनामा करून दोन्ही वस्तू ताब्यात घेतल्या आणि साहेबांच्या घरी गेलो. टेबलावर आधी कानटोपीच ठेवली.

त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, “अय्या पप्पा, तुमची टोपी! ही तर नेहमी त्या जुन्या कोटात...” आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला. तो कोट, इतर जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात, त्यांनीच बोहारणीला दिला होता. बदल्यात कढई घेतली होती.

साहेबांना आता आठवले. पाहुण्यांची मुले येणार, कॅमेऱ्याला हात लावतील, म्हणून त्यांनी स्वतःच तो टोपीत गुंडाळून कोटाच्या खिशात लपवला होता. आणि साफ विसरले होते.

आम्ही ‘क’ समरी पाठवली, म्हणजे गुन्हा गैरसमजातून नोंदला गेला, असा अहवाल. आमच्या लेखी प्रकरण संपले. बाईंना बोलावून तसे सांगितले.

“हा कागद माझ्या चार घरांना दिसणार हाय का?” त्यांनी विचारले.

इतक्या वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला सुचला नव्हता. वस्तू कोणी नेली हे विचारण्याआधी ती शेवटची कोणी ठेवली हे विचारावे, हे मी त्या प्रकरणात शिकलो. पण संशय जिथवर पोहोचला तिथवर खुलासाही पोहोचवावा लागतो, हे मला बाईंनी शिकवले.

मी साहेबांना सोसायटीच्या फलकावर चिठ्ठी लावायला सांगितले. त्यांनी लिहिले, ‘आमच्या मोलकरणीवर घेतलेला संशय चुकीचा होता.’

बाईंनी वाचले. “मोलकरीण नको. पोलिसांत माझं नाव सांगितलं ना? मग इथं पन नाव लिवा.”

साहेबांनी दुसरा कागद घेतला. पूर्ण नाव लिहिले, खाली सही केली.

दुसऱ्या दिवसापासून बाई त्या इमारतीत पुन्हा कामाला जाऊ लागल्या. चार घरी. साहेबांचे घर त्यांनी सोडले.