गच्चीवरचे हे, पडद्यावरचे हे

गच्चीवरचा गंजका अँटेना आज भंगारवाल्यानं उपटला आणि मला ते जुनं रेकॉर्डिंग आठवलं.

सेलूच्या ह्याच घरात तेव्हा कॉम्प्युटरवर टीव्ही दिसावा म्हणून टीव्ही ट्यूनर कार्ड बसवलं, तशी मी स्वतःला इंजिनियरच समजायला लागले. ह्यांची आधीच घेतलेली कपाशीवरची मुलाखत टीव्हीवर लागणार होती, ती मला रेकॉर्ड करायची होती. पण अँटेनाचा पाइप कुणी वळवून धरला तरच चित्र टिकायचं. म्हणून हे गच्चीवर आणि मी महाराणी खाली, माऊस धरून.

आभाळ काळंनिळं झालं. वारा एकाएकी पडला, लिंबावरचे कावळे गप्प झाले.

"अगं, इजा चमकायल्यात! उतरू का?"

"हलू नका हो! टीव्हीत लय भारी दिसायलात!"

कडाड्कन वीज मागच्या शेतात कोसळली. मग हे जिन्यातून उतरले, पांढरेफटक.

रेकॉर्डिंग लावलं. त्या मेल्या कार्डानं टीव्हीचा आवाज घेतलाच नव्हता. माइकमधून खोलीतलाच घेतला होता. पडद्यावर हे हसत बोंडअळीबद्दल बोलत होते, आणि ऐकू येत होता गडगडाट आणि माझं "हलू नका हो!"

"मेलो असतो तर पोलिसाला पुरावा शोधायची गरज न्हवती," हे हळूच म्हणाले.

मी मात्र मुलाखतीचा आवाज गेला म्हणून रडत होते.