तिसरा चमचा

आमच्या पॅरामॅटात जुन्या माणसांना एकच प्रश्न विचारतात: "आपणहून आलात, की धाडलं?" कैदी हा शब्द कुणी उच्चारत नाही. सरकारी माणूस म्हटलं की ऐकणारा समजतो. माझी आई केझिया प्लमली मात्र फटकळ. ती सरळ सांगायची, "धाडलं. एका रुमालापायी. आणि मेला रेशमी तरी असता."

ब्रिस्टलच्या जत्रेत तिनं तो कुणाच्या तरी खिशातून काढला आणि सात वर्षांची शिक्षा घेऊन समुद्रापारच्या या वसाहतीत पाऊल ठेवलं. माझी चाहूल जहाजावरच लागली होती. बाप खलाशी, किनारा दिसला तसा तो दिसेनासा झाला.

आईला बायकांच्या कारखान्यात ठेवलं. नाव कारखान्याचं, भिंती तुरुंगाच्या. ती धुणं धुवायची आणि मी तिचा झगा धरून फिरायची. चार वर्षांची झाले तशी मला नदीकाठच्या अनाथ मुलींच्या शाळेत नेलं. आई जिवंत असताना मी अनाथ. नियमच तसा होता. लेकीला परत आणायचं तर घर हवं, घर हवं तर नवरा हवा, आणि पोरवालीला नवरा कोण देतो? जरा मोठी झाले की मला लांबच्या कुठल्या मळ्यावर चाकरीला लावलं असतं, मग माय कुठे आणि लेक कुठे. आई रात्रंदिवस याच घोरात असायची.

कारखान्यात लग्नं जुळायची ती अशी. लग्नाची परवानगी मिळालेला पुरुष यायचा, अंगणात बायका ओळीनं उभ्या राहायच्या. तो ओळीपुढून चालायचा आणि मनात भरेल तिच्या पायाशी रुमाल टाकायचा. तिनं उचलला तर लग्न ठरलं. नाही उचलला तर रुमाल खिशात घालून पुढे. "गुरांच्या बाजारापेक्षा बरं," डेल्फीमावशी म्हणायची, "इथे गाईला नाही म्हणता येतं."

ही आईची कारखान्यातली सोबतीण डेल्फी त्या दिवशी ओळीत होती, म्हणून मला सगळं ठाऊक. ईनॉक गारसाइड नावाचा लाकूडकाप्या आला होता. तोही धाडलेलाच, पण वागणूक चांगली म्हणून आपलं आपण कमवायची मुभा मिळालेला. अंगानं रेडा, पण बायकांपुढे घामाघूम. त्याची नजर आपल्यावरच होती, हे डेल्फी शपथेवर सांगे. तिच्याकडे येता येता त्यानं कपाळ पुसलं आणि रुमाल हातातून निसटला. नेमकी तेव्हाच आई ओल्या चादरींची बादली घेऊन मधून चालली होती. ओळीशी तिचा काही संबंध नव्हता. पायाशी कापड पडलं, तिनं उचललं. धुणेवालीचा हात म्हणा, नाहीतर जुनी खोड.

कुणीतरी म्हणालं, "केझिया, परत रुमाल?" आणि हसण्याचा नुसता कल्लोळ उठला.

कारखान्याची मुख्य बाई, मिसेस कॉबोल्ड, पुढे आली. "उचललास म्हणजे हो म्हणालीस. रीत ती रीत. आणि थट्टा केली असशील तर तसं सांग, केस कापून दगड फोडायला पाठवते."

आईनं बादली खाली ठेवली आणि ईनॉककडे वळली. "हे बघा बुवा, तुमचा हात घामेजला होता, मी पाहिलंय. चुकून पडला म्हणा आणि घ्या परत, मी वाईट वाटून घेणार नाही. पण घेणार नसाल तर आधीच सांगते, मला पाच वर्षांची मुलगी आहे. तिकडे नदीकाठी ठेवलीय. मला न्यायचं तर तिलाही न्यावं लागेल."

ईनॉक बादलीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "खाते काय ती?"

"द्याल ते."

"मग या दोघी. माझ्याकडे चमचे तीन आहेत."

"माझ्या डोळ्यांदेखत माझा नवरा खिशातून मारला हिनं," असं डेल्फीमावशी जन्मभर म्हणत राहिली, तेही दर रविवारी आमच्याच पानावर जेवताना. तिला पुढे एक पाववाला मिळाला. त्याचा रुमाल स्वच्छ होता, एवढंच ती त्याचं कौतुक करी.

चर्चमध्ये तीन रविवार त्यांची नावं पुकारली, लग्न लागलं, आणि दोघं मला न्यायला आली. मी आईचं बोट सोडायला तयार नव्हते. तो मोठा माणूस पुढे चालत होता आणि वाटेतली प्रत्येक फांदी धरून ठेवत होता, मला लागू नये म्हणून. त्याला मी बा म्हणायला लागले ते त्याच वाटेवर. असं सुख माझ्या वाट्याला का आलं, मला कळत नाही. बरोबरीच्या किती जणींना ते मिळालं नाही.

खोपटात कांगारूच्या मटणाचा रस्सा आणि मक्याची लापशी होती. मी पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "आई, चमचा कडू लागतो."

आईनं तो हातात घेऊन हुंगला. पांढरं, ओलं, नुकतंच कोरलेलं लाकूड, कडा अजून खरखरीत. तिचाही तसाच. ईनॉकच्या हातातला तेवढा जुना, कथलाचा, दांडी वाकलेला.

"काय हो, तीन होते ना?"

बा ताटलीतून मान वर काढेना. "त्या दिवशी एकच होता," तो म्हणाला. "पण एक म्हटलं असतं, तर तू रुमाल परत दिला असतास."

आईनं माझा चमचा स्वतःकडे ठेवला आणि तिचा मला दिला. तोही तितकाच कडू होता. मी ताटली चाटूनपुसून खाल्ली, आणि त्या जेवणासाठी मी आजही देवाच्या आधी बाचे आभार मानते.