सर्वांत लांब पॅडल

चौदा डिसेंबर, शनिवार. उद्या तलावाच्या पलीकडच्या काठापर्यंत जायचंय, म्हणून क्लबची पॅडलं धुऊन भिंतीला लावते आहे. बोर्डवर उभं राहून वल्हवायचं तर पॅडल मापाचं हवं. ते शेजारी उभं करायचं, हात सरळ वर करायचा, मूठ मनगटाला लागली की ते आपलं.

भाऊसाहेबांना हे मान्य नाही. ते येतात, मिशीवरून बोट फिरवतात आणि सर्वांत लांब पॅडल उचलतात. त्यांची उंची माझ्याएवढी, म्हणजे बेताचीच. मूठ मनगटाच्या वीतभर वर जाते.

"भाऊसाहेब, हे उंच माणसाचं आहे."

"असेल. पण लहानमोठं काही आहे की नाही?"

देवासला एके काळी दोन गाद्या होत्या, थोरली आणि धाकटी. ह्यांचे आजोबा थोरलीकडे कारभारी. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सरदारपूरच्या एका लग्नात पंगतीतलं पहिलं पान दुसऱ्याला वाढलं, तर हे न जेवता परतले. वाटेत ढाब्यावर जेवले. "तिथे पहिली थाळी मलाच आली," हे खुशीत सांगत होते.

क्लबात कुणी पाण्यात पडलं की हात द्यायला हेच पुढे. स्वतः पडले की मात्र कुणाचा हात घेत नाहीत.

गेल्या रविवारी वारा सुटला. पॅडल लांब असलं की वरचा हात डोक्यावर जातो, खांदा भरून येतो. भाऊसाहेब तलावाच्या मधोमध गुडघ्यांवर बसले होते, उजवा हात त्यांना उचलवतच नव्हता. मी बोर्ड घेऊन गेले.

"माझं पॅडल घ्या."

"आखूड आहे."

"बुडायचंय का?"

"ओरडू नका, बाई. काठावर लोक बघताहेत."

शेवटी त्यांचा बोर्ड दोरीने माझ्या बोर्डला बांधून ओढत आणला. काठावरून कुणीतरी ओरडलं, "वा भिया, सवारी आली!" भाऊसाहेब लगेच ताठ बसले आणि डाव्या हाताने पॅडल भालदाराच्या दंडासारखं उभं धरलं.

मग त्यांच्या लेकीने त्यांना डॉक्टरला दाखवायला धारला आपल्या घरी नेलं. आज दुपारी तिचा फोन आला. "मावशी, बाबा जिद करून बसलेत. डॉक्टर म्हणाले, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. आणि हे सकाळच्या पहिल्या बसने तुमच्याकडे निघणार. काही तरी करा न!"

काय करणार? त्यांना फोन लावला, उचलला नाही. पॅडल लपवलं तर रुसून एकटे उतरतील, लाइफ जॅकेटसुद्धा घालणार नाहीत. दिलं तर खांदा मधोमध दगा देणार. उद्याही वारा आहे म्हणतात. दर वेळी दोरी घेऊन मी पोहोचेनच असं नाही. धुतलेली पॅडलं मी पुन्हा धुतली.

पंधरा डिसेंबर, रविवार. उजाडताच क्लबची खोली उघडली. लांब पॅडलची मूठ तापवून काढली, हात वर करून माझ्या मनगटापर्यंतचं माप घेतलं, तेवढी दांड्याची नळी कापली, मूठ परत चिकटवली. घरून पाट आणला, त्यावर ते एकटंच आडवं ठेवलं, कुंकवाचं बोट लावलं, सुपारी ठेवली. मंडळी जमू लागली, तशी मी दारात उभी राहिले. म्हटलं, मानाचं पहिलं पॅडल भाऊसाहेबांच्या हाती जाईपर्यंत कुणी बोर्डला हात लावायचा नाही.