कर्दळीची दाटी

अंगणातल्या कर्दळीला पिलं फुटलेली दिसली आणि मला पालची बाग आठवली. सातपुड्यातली ती बाग पाहायला आबांनी, माझ्या वडिलांनी, केळीच्या कामातून एक दिवस काढला होता. आई हरखली होती. आबा मात्र कर्दळीच्या वाफ्यात वाकले आणि केळीची काढावी तशी तिची पिलं पिशवीतल्या विळ्याने मुळापासून काढू लागले. माळी धावत आला. मी लाजेने लांब सरकलो.

"दाटी झाली भाऊ, झाड पोसणार कसं?" आबा म्हणाले.

"नाना, लोकं दाटीच पाहायला येतात इथं," माळी आबांना म्हणाला.

आबा ओशाळले. माळ्याने हसत ती पिलं आईच्या पदरात टाकली. तीच ही कर्दळ.

आज मी विळा आणला, तर थकलेले आबा खाटेवरून म्हणाले, "ऱ्हाऊ दे. पाहू दे दाटी."